सोबत जोडलेला आवाज

सदर इसम, वय बावन्न, हुद्दा वरिष्ठ लिपिक, सायबर शाखा, परदेशी पत्रव्यवहार. बांधा मध्यम, वर्तणूक समाधानकारक. याच्या टेबलावरून गेलेला एकही प्रस्ताव 'त्रुटी दूर कराव्यात' असा शेरा घेऊन परतलेला नाही. लागेल ते जोडायचं आणि न लागेल तेही जोडायचं, ही त्याची रीत. शाखेत नाव पडलं सहपत्रकाका. बायको म्हणे, "भांडतानासुद्धा पुरावे जोडतात हे!"

एका दुपारी मदत क्रमांकावर एक तरुण कुजबुजत बोलला. नोकरीच्या आमिषानं परदेशात नेऊन त्याला एका इमारतीत कोंडलं होतं. दिवसभर फोनवरून लोकांना फसवायचं, नाहीतर मार. नाव, पत्ता सगळं त्यानं सांगितलं. "फक्त इथल्या पोलिसांना माझं नाव कळू देऊ नका. ते यांच्याच खिशात आहेत."

पण परक्या देशात आपले पोलीस घुसू शकत नाहीत. विनंती तिथल्याच पोलिसांना करावी लागते. साहेब म्हणाले, "काका, नुसती इमारत कळवा. कुणी सांगितलं ते गाळा."

"पुराव्याशिवाय? परत येईल, साहेब."

"मग बघा तुम्ही." साहेबांना मीटिंग होती.

काकांनी बघितलं. ध्वनिमुद्रण जोडलं, त्याचं भाषांतर जोडलं, नाव ठळक केलं. विनंती पहिल्या फटक्यात मान्य झाली. त्या दिवशी शाखेला चहा काकांकडून.

मग तिकडून उत्तर आलं: छापा टाकला, इमारत रिकामी आढळली.

तरुणाची बहीण शाखेत खेपा घालू लागली. आवाज ओळखायला शाखेनंच तिला ते ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं. काका तिला 'पाठपुरावा चालू आहे' सांगत. पुढे पुढे ती दिसली की डबा घेऊन रेकॉर्ड रूममध्ये जेवायला बसत. एकदा तिनं त्यांना दारातच गाठलं.

"काका, तिथल्या पोलिसांना नाव सांगू नका म्हणाला होता ना तो?"

"ताई, त्याची एक प्रक्रिया असते..."

"म्हणाला होता की नाही?"

"म्हणाला होता."

"मग कुणी सांगितलं?"

काकांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. तिच्या चपलांकडे बघत म्हणाले, "मी."

"का पण?"

यावर जोडायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

विनंतीची पूर्तता झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. भाऊ परत आलेला नाही.