लिमिट कापलं त्या साली

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाय. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबे उघडायला लागली की ते आपोआप साचतात. त्या दुष्काळी सालात तर धरणात पाणी साचलं नाही, पण वाळूजच्या आमच्या कंपनीत, अकाउंट्सच्या टेबलावर किस्से मात्र लई साचले.

टेबलावर आम्ही चौघं. पैठणकडचे देशमुख, उस्मानपुऱ्यातले कुलकर्णी, खुलताबादहून रोज येणारे शेखभाई आणि मी. मला सगळे मॅडम म्हणतात. घरी कुणी म्हणत नाही.

*

शनिवारी हाफ डे. सुटलो की उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलात भजी आणि चहा ठरलेला. तिथं देशमुखांनी नियम घातलेला: बिल ज्याच्या हाताला आधी लागेल त्याचं, पुन्हा वाद नाय.

नियम घालणारा माणूस कायम गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसायचा, हे आमच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. वेटर दिसला की देशमुखांचा हात लांब. वर कार्ड असं टेबलावर ठेवायचे की शेजारच्या टेबलानंही बघावं.

"आमच्या घरात हात द्यायची रीत आहे, पसरायची नाय," असं म्हणायचे. थोडी शेखी होती, पण माणूस बोलायचा तसा वागायचाही.

*

मग पाऊस गेला. कंपनीला पाणी मिळेना, एक शिफ्ट बंद झाली, ओव्हरटाइम गेला. आमचे सगळ्यांचे पगार एकाच बँकेत. बँकेनं पगार आटलेला बघितला आणि एका सकाळी आम्हा चौघांच्याही फोनवर मेसेज: तुमच्या कार्डाचं लिमिट कमी करण्यात आलं आहे.

कुलकर्णी भडकले. आमच्यासमोरच कस्टमर केअरला फोन लावला. "ताई, पाणी नाय म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून लिमिट कमी. आता टँकर कशानं मागवू? आणि टँकर नाही आला तर अंघोळ करून कामाला कसा येऊ?"

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "काका, मी जालन्याची. आमच्याकडं तर टँकरवालाच फोन उचलत नाय."

पुढं अर्धा तास दोघं टँकरबद्दलच बोलत होते. फोन ठेवून कुलकर्णी ऐटीत म्हणाले, "लिमिट नाय वाढलं, पण पोरगी आपल्याकडचीच निघाली."

*

शेखभाईंना मात्र काहीच फरक पडला नव्हता. निवांत डबा खात होते.

मी विचारलं, "शेखभाई, तुम्हाला टेन्शन नाय?"

"मॅडम, बँकेनं आज कापलं. हमारी बेगम ने तो निकाह के दिनच काट डाला था."

कार्ड बेगमकडंच, तांदळाच्या डब्यात असायचं. शेखभाईंना त्याचा रंगसुद्धा नीट सांगता येईना.

*

माझं म्हणाल तर मी मॉलमध्ये अडकले. ट्रॉली भरलेली, मागं ही रांग, आणि काउंटरवरची मुलगी मोठ्यानं म्हणाली, "कार्ड डिक्लाइन होतंय."

मागची एक बाई भली होती. म्हणाली, "थोडे कमी पडत असतील तर मी देते."

माझं डोकंच फिरलं. "बाई, मी कॉस्टिंगमध्ये आहे. बिल कसं बसवायचं ते माझं रोजचं काम आहे." आणि एकेक वस्तू बाजूला काढत बिल लिमिटमध्ये बसवून दाखवलं. ताठ मानेनं घरी आले.

संध्याकाळी नवऱ्यानं पिशवी उपसली. चहापत्ती नव्हती. फेस क्रीम मात्र आली होती. आठवडाभर आमच्या घरात चहाचा विषय कुणी काढला नाही.

*

देशमुख आपल्या लिमिटबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. एका शनिवारी सवयीनं बिल ओढलं, कार्ड दिलं. मशीननं नाय म्हटलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच.

त्यांचं तोंड उतरलं. मला ते बघवेना.

कुलकर्णी पटकन म्हणाले, "नेटवर्क गेलंय. माझ्या फोनलाही नाय."

"माझ्या पण," मी.

"पूरे शहर का गया है," असं शेखभाई म्हणतायत तोवर त्यांच्या खिशात फोन वाजला. बेगमचा.

त्यांनी तो वाजू दिला. आम्ही चौघं छताकडं बघत बसलो. मालकही भला माणूस. तोही छताकडं बघायला लागला.

त्यानंतर देशमुख शनिवारी यायचे बंद झाले.

*

कारण नंतर कळलं. त्यांची भाची रेणू, तिचं लग्न ठरलेलं. मामाकडून पैठणी देणार, तीही हातमागाची, असा शब्द देशमुखांनी सोयऱ्यांच्या भर बैठकीत दिला होता. पैठणच्या विणकराला आगाऊ रक्कमही दिली होती. उरलेली कार्डावर द्यायची होती. आता कार्डात जीव नव्हता आणि साडी मागावरून उतरली होती.

बहीण फोनवर म्हणाली, "दादा, साधी आणलीस तरी चालंल."

"शब्द काय लिमिट बघून दिला होता व्हय?" म्हणाले आणि फोन ठेवला. मोटारसायकल विकायला काढली, पण दुष्काळात घेणार कोण?

"मॅडम, रंग बघायला चला," म्हणाले. कुलकर्णी आणि शेखभाईंनाही मी बरोबर घेतलं. एसटीनं पैठण गाठलं. मोरांचा पदर उलगडला आणि आम्ही तिघंही पुढं वाकलो. विणकरानं बिल समोर ठेवलं. देशमुख घसा खाकरून म्हणाले, "जरा मुदत..."

तेवढ्यात कुलकर्णींनी बिलावर झडप घातली. दुसरं टोक शेखभाईंनी धरलं, मधलं मी. बिल फाटलं.

"सोडा! मामाचा मान आहे हा!" देशमुख ओरडले.

"नियम आपनेच बनाया, देशमुखसाब. हाताला लागलं त्याचं."

विणकर शांतपणे म्हणाला, "बिल फाटकं चालंल. पैसे तेवढे धड द्या."

तिघांची कार्डं, तिन्हींचं कापलेलं लिमिट, वर देशमुखांच्या खिशातलं होतं नव्हतं ते. बसलं बरोबर. शेखभाईंच्या कार्डाला तांदळाचा कोंडा चिकटला होता. म्हणजे बेगमनं स्वतः काढून दिलं होतं.

येताना एसटीत चारही तिकिटं देशमुखांनीच काढली. आम्ही अडवलं नाही.

*

लग्नात रेणू पैठणी नेसून खोलीच्या दारात उभी. सोयरे पदर हातात घेऊन बघत होते. मला इतका अभिमान वाटत होता, जसा काही मीच माग चालवला होता.

गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं."

देशमुख उठले. दोन पावलं गेले, थांबले, आणि मागं वळून आम्हाला म्हणाले, "चला."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत उठलो. मुलीभोवती चौघं येताना बघून गुरुजी गडबडले. "अहो, मामा कोणते यातले?"

"हे सगळे."

गुरुजींनी शेखभाईंच्या टोपीकडं बघितलं, मग माझ्या साडीकडं. "ह्यासुद्धा?"

"ह्या थोरल्या," देशमुख म्हणाले. "धरा मॅडम, पोरीचा हात."