वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही

शकुंतलाबाईंची आणि माझी पहिली भेट देवणीच्या एका लग्नात, पंगतीत झाली. बँकेतून निवृत्त होऊन मी नुकतीच उदगीरला एकटी राहू लागले होते. जेवण आटोपलं आणि मला जमिनीवरून उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं, तशा बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. याच बायकांनी मघाशी "मॅडम, एक जिलेबी, माझी शपथ हाय" म्हणत माझं पान भरलं होतं. आधी आग्रहाने कोंबायचं आणि मग सुटलेल्या अंगाला हसायचं, या रीतीची मला आजही चीड येते.

वरणाची बादली घेतलेल्या एक ताठ बाई माझ्यापाशी थांबल्या.

"मॅडम, उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर या."

"कशाला?"

"उठायला शिकायला."

याच शकुंतलाबाई, उदगीरच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. अपमान गिळून मी गेले, कारण पुण्याच्या मुलीने बजावलं होतं, "आई, तुझं तुला उठता येत नसेल तर घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये." मला माझं घर सोडायचं नव्हतं.

मैदानावर बाई साड्यांवर बूट घातलेल्या आम्हा सगळ्यांना चालवत, वाकवत, बसवत, उठवत. एकदा आमच्यातल्या पार्वतीकाकू वैतागल्या, "बाई, या वयात पळून कुठं जायचंय?"

"दवाखान्यापासून लांब. चला!"

खाण्याबद्दल बाईंनी कधी प्रवचन दिलं नाही. लग्नात त्या बेताचं जेवत आणि लगेच पदर खोचून वाढायला उभ्या राहत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत न्हाई. आणि चालणंही होतं."

पुढे गुडघे दुखतात म्हणून मी मैदान सोडलं. चार दिवसांनी बाई शेंगांची पिशवी घेऊन दारात हजर! घरातली खुर्ची त्यांनी आधी अंगणात नेऊन ठेवली, मग आम्ही फरशीवर शेंगा फोडायला बसलो.

"मॅडम, सूप आणा." मी कण्हत उठले. "वाटी ऱ्हायली." पुन्हा उठले. "मीठ हाय का घरात?"

"बाई, एकदाच काय ते सांगा ना!"

"एकदाच सांगितलं तर एकदाच उठाल."

पंचाहत्तरीला आलेल्या या बाई पुढे कितीतरी दुपारी माझ्या फरशीवर येऊन बसल्या. माझ्यासाठी इतका वेळ माझ्या सख्ख्यांनीही काढलेला नाही.

दिवाळीत मुलगी आली. गप्पा मारत जमिनीवर बसलो होतो, तोच दूध उतू जाऊ लागलं. मी उठून गॅस बंद केला आणि वळले, तर मुलगी डोळे विस्फारून बघत होती. "आई, तू हात न टेकता उठलीस!" पुण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. जुने ब्लाऊज आता मला होतात, पण ते वरकड.

आता गावात बाईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरलाय आणि सत्कार समितीने त्यांच्यासाठी मखमली सिंहासन मागवल्याचं ऐकते. ज्यांनी माझ्या घरातली खुर्ची बाहेर काढली, त्यांना खुर्चीत बसवणार? शहाणपणा आहे का काही?

बाईंनी निरोगी शंभरी गाठावी. त्या दिवशी पंगत जमिनीवरच बसावी आणि वरणाची बादली त्यांच्याच हातात असावी. मी पहिल्या पानावर बसेन. उठवायला मात्र कोणी येऊ नये.