अर्धेलीतले दोन हजार

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजार टाकले. सातबाऱ्यावर नाव माझं, म्हणून पैसे मला आले. शेत मात्र मी कसत नाही. नवरा गेल्यापासून गावातली एक बाई ते अर्धेलीने करते. जमीन माझी, कष्ट तिचे, येईल ते निम्मं निम्मं. भात निम्मं, पेंढा निम्मा. एकदा वादळात बांधावरचं ऐनाचं झाड पडलं, तर त्याची लाकडंही आम्ही निम्मी केली होती.

पैसे आल्याचं तिला मीच सांगितलं. सांगायला नको होतं, पण जीभ राहिली नाही. ती राबावर, म्हणजे भाताची रोपं करायला भाजून घ्यायच्या तुकड्यावर, शेण आणि पाला पसरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग माझं हजार कवा देताव?"

"तुझे कसले? सरकारने दिलेत ते."

"शेतावर आलं ना? शेत नसता त सरकारनी तुम्हाला काय बघून दिलं असतं, काकी? तोंड?"

"सातबारा बघून दिलेत."

"मंग आता सातबाराच भाजा," असं म्हणून तिने शेणाची पाटी तिथेच पालथी घातली आणि गेली.

तिचा नवरा भिवंडीत लूमवर होता. लूम बंद पडल्यापासून घरी बसून होता. घरात माणसं पाच आणि कमाई काही नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, जाऊ दे, येईल झक मारत.

ती आली नाही. आठवडा गेला. अर्धवट पसरलेला राब तसाच पडून होता. राब भाजला नाही की रोपांपेक्षा तणच जास्त उगवतं, आणि मग लावणीला काय लावायचं? माझे गुडघे पाटी उचलण्यातले राहिले नव्हते.

मी पैसे काढायला अंबाडीला गेले. बँकेबाहेर चुन्याचे गोल काढले होते, त्यात दोन तास उभी राहिले. आतला मुलगा कसलासा कागद भरत होता. त्याने विचारलं, "आजी, शेती स्वतः करता ना?"

"हो," म्हणाले.

त्याने लिहून घेतलं आणि नोटा दिल्या. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण बाहेर येऊन नोटा कनवटीला लावताना मनात आलं, की त्या मुलाने विचारलं ते तिला विचारलं असतं, तर तिचं 'हो' खरं झालं असतं.

परतताना तशीच तिच्या दारात गेले. ती उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होती.

"येवढ्या उन्हात आलाव?" ती म्हणाली. "फोन केला असता त मीच आले असते."

"तू आली असतीस?"

"पैशे न्यायला आले असते. राब भाजायला न्हाय."

मी हजार तिच्या पुढ्यात ठेवले. तिने ते दोनदा मोजले. मला तिचा रागही आला आणि बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना तिने उरलेला पाला पसरून राब भाजला.

माझा मुलगा भिवंडीत धामणकर नाक्याला राहतो. त्याला कळलं तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, सरकार तुला देतं. तिचा काय संबंध?"

"राबावर शेणाची पाटी उचलायला ये, मग सांगते," म्हटलं. त्याने विषय बदलला.

राब भाजला त्या दिवशी, तो विझल्यावर ती पाणी प्यायला माझ्या ओटीवर आली. तांब्या खाली ठेवत म्हणाली, "चार महिन्यांनी परत येतात म्हणं ते पैशे."

"येतात."

"मंग सांगा."

"सांगते," म्हटलं. तेव्हापासून दर वेळी सांगते.