एडिटर, एरर आणि दत्ताची सोयरीक

आमच्या चाकणच्या ऑफिसात कामं अर्धवट राहतात, किस्से मात्र रोज वेळेवर पुरे होतात. आम्ही मशीनसाठी प्रोग्राम लिहितो. काही चुकलं की प्रोग्राम तपासणारा कंपायलर एक ओळ छापतो: फाइलचं नाव, कोलन, ओळीचा नंबर. आम्ही ज्यात लिहितो तो एडिटर ते वाचतो. आपण नुसता एंटर मारायचा, की कर्सर थेट चुकीपाशी.

पण एडिटर बिचारा भोळा. तशी दिसणारी कुठलीही ओळ त्याला एररच वाटते.

*

दत्ता आमच्या टीममधला, गावाकडचा. त्यानं काय करावं? बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची जुळणी, संपला की आठवण छापायची सोय केली, "चहा:4:30". एडिटरनं ती ओळ लाल केली. मी सवयीनं एंटर मारला, तर तो मलाच विचारतो, चहा नावाची फाइल कुठं आहे?

दत्ता म्हणाला, "कँटीनला आसंल. चल."

*

जोशी सर आमचे टीम लीड. फाइलची कॉपी दुसऱ्या फोल्डरात त्याच नावानं ठेवायची त्यांना भारी हौस. एकदा कंपायलरनं फोल्डर न सांगता नुसतं नाव सांगितलं आणि एडिटरनं कॉपीच उघडली. सर सकाळभर ती दुरुस्त करत बसले. एरर काही जाईना. "अरे, मी सुधारतोय आणि हा ऐकतच नाही!"

दत्तानं वाकून बघितलं. "सर, मगाशी एकच फाइल बिघडल्याली व्हती. आता दोन हायेत."

*

आता हा ऐका राव. दत्ताला एक मुलगी मनापासून आवडली होती, तिलाही तो. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. ते पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, आयुष्यभर माल रिजेक्ट केलेला माणूस. दत्ता आणि मी रावेतला एकत्र राहतो, त्या फ्लॅटवर ते एका रविवारी आले. म्हणाले, "काम काय करता, ते दाखवा."

दत्तानं घाबरतच बिल्ड मारला. स्क्रीन लालभडक, वरपासून खालपर्यंत एरर. मला वाटलं, संपलं याचं लग्न.

"एवढ्या चुका?" वडील चष्मा लावून पुढं सरकले.

दत्तानं एंटर मारला, पहिल्या एररवर गेला. एक सेमीकोलन राहिला होता, बाकीचे एरर त्याच्यामुळंच. तो टाकून पुन्हा बिल्ड केला आणि सगळं साफ झालं.

वडिलांनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासली. मग म्हणाले, "चूक कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत, हे मशीनच सांगतं?"

"व्हय. सगळं सांगतं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आमच्या घरात चूक झाली की सगळे नुसते गप्प बसतात. फाइल नाही, ओळ नाही. तुमची तुम्हालाच शोधावी लागेल. जमेल का, जावईबापू?"