थरथर कुणाची

मसूर अर्धी निवडून झाली होती. ताटात उजवीकडे निवडलेला ढीग, डावीकडे न निवडलेला, आणि खड्यांसाठी बाजूला एक वाटी. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली, "सूनबाई, चल. तुझ्या सासूचा दात काही वाट बघत बसणार नाही."

बाबा म्हणजे माझे सासरे. गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, लहानथोर सगळे घड्याळजीच म्हणतात. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल आहे. त्यावर हिरवं कापड, बारक्या झाकणांच्या डब्या, आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग. माणूस दारात आला की ते आधी त्याच्या मनगटाकडे बघतात, मग तोंडाकडे. त्यांच्या डबीतल्या स्क्रूंपुढे मोहरीसुद्धा भोपळ्याएवढी दिसते. तो स्क्रू चिमट्यात धरून जागेवर बसवताना ते श्वास रोखतात, आणि मग स्वयंपाकघरात आम्हीही उगाच भांडी वाजवत नाही. हात इतका स्थिर की चहाचा कप बशीत ठेवला तरी आवाज म्हणून यायचा नाही. सासूबाई म्हणतात, "ह्यांचा हात हलला तो एकदाच. मुलाला पहिल्यांदा उचललं तेव्हा."

पण गेल्या महिन्यात काहीतरी बिनसलं. समोरच्या शिवणवालीचं घड्याळ त्यांनी न उघडताच परत दिलं. म्हणाले, डोळे दमलेत. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, गाडी विकून टाकू. त्या गाडीवर ह्या माणसाचा केवढा जीव. रविवारी स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला फडकं लावू देत नाहीत. माझे यजमान नोकरीनिमित्त परगावी असतात, मला गाडी येत नाही, म्हणजे घरात चालवणारे बाबा एकटेच. का विकायची विचारलं तर म्हणाले, "वय झालं. माझं. गाडीचं नाही."

खिडकीच्या उजेडात ते हात पुढे धरून, बोटं ताणून बघत बसलेले मी दोनदा पाहिले. मी आत आले की हात खाली. मी विचारलं नाही. काही गोष्टी घरात विचारता येत नाहीत, त्या देवापुढेच बोलाव्या लागतात, तशा मी बोलत होते.

शेवटी सासूबाईंनी भाजी चिरता चिरता सांगितलं. स्टिअरिंगवर हात ठेवला की हात थरथरतो म्हणे. मोकळ्या रस्त्याला ठीक असतं, पण सिग्नलला थांबलं आणि मागून हॉर्न सुरू झाले की थरथर वाढते. बाबांच्या वडिलांचा हात असाच गेला होता. तेही घड्याळजीच. पुढे पुढे त्यांना चमचासुद्धा धरवेना, दुसऱ्याने भरवावं लागे. बाबांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. "डॉक्टरकडे चला म्हटलं," सासूबाई म्हणाल्या, "तर म्हणतात, मला जे माहीत आहे ते सांगायला त्याला फी कशाला द्यायची?"

औषधांच्या दुकानाचा मालक आज दुपारी गाडी बघणार होता. दुकानाशीच गाडी आणून दाखवा म्हणाला होता. वाटेत सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे सोडायचं, त्यांचं झालं की सगळ्यांनी मिळून दुकानाशी जायचं, असा बेत. तिथे तासभर बसून काय करायचं, म्हणून मी मसुरीचं ताट तसंच उचललं आणि मागच्या सीटवर बसले.

"घर पण आणायचं होतंस बरोबर," बाबा म्हणाले.

"उंबरा अडकला हो दारात," मी म्हटलं. ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

दवाखाना अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. सासूबाई गालावर हात धरून जिना चढल्या. गल्लीत गाडी उभी करायला मनाई, कुणी मागे आलं तर लगेच हलवता यावी म्हणून बाबांनी इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मी सासूबाईंच्या रिकाम्या जागेवर ताट ठेवून निवडायला लागले.

पाच-सहा खडे काढले असतील. बघते तर डावा ढीग पसरत उजव्याला टेकलेला. मी बोटाने दोन्ही वेगळे केले. पुन्हा मुंग्या चालाव्यात तशी मसूर सरकत सरकत एक झाली. ताटही बारीक सुरात गुणगुणत होतं.

"बाबा, जरा गाडी बंद करता का? माझी निवडलेली न निवडलेलीत चाललीय."

"मी काही केलं नाही," ते एकदम म्हणाले. चोरी पकडल्यासारखे.

"तुम्ही केलं असं कुठे म्हणतेय मी? गाडी करतेय."

त्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. मग मान वळवून म्हणाले, "काय म्हणालीस?"

"गाडी हलतेय, म्हणून मसूर हलतेय. आपला मिक्सर नाही का चालू असला की ओट्यावरचे डबे सरकत? मला वाटलं उभ्या गाडीचं असंच असतं."

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे. "आता बघ."

"सरकतेय."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मसूर जागच्या जागी. पुन्हा सुरू केलं. मसूर चालू लागली. असं त्यांनी चारदा तरी केलं. मग ताट मागून घेतलं, पुढच्या सीटवर ठेवलं, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ताटावर वाकले. एक बाई पिशवी घेऊन शेजारून गेली, ती वळून वळून बघत होती. भिंग लावून मसूर बघणारा माणूस तिने कशाला पाहिला असेल.

"ॲक्सिलरेटर जरासा दाबतो. सांग."

"थांबली. आता हलत नाही."

"सोडला."

"हलतेय."

"एसी लावतो."

"अहो, आता तर नाचतेय."

बाबा मागे टेकले. भिंग डोळ्यालाच होतं. "म्हणजे वेग दिला की शांत, उभी राहिली की थरथर," ते स्वतःशीच म्हणाले. "सूनबाई, मी सिग्नललाच घाबरतो असं समजत होतो." आणि मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही तोंडाला पदर लावला. देवाला निरोपच द्यायचा असेल तर तो मसुरीच्या ताटातूनही देतो, हे मला आज कळलं.

"गॅरेज पुढच्या वळणावरच आहे," ते म्हणाले आणि गाडी काढली.

गॅरेजचा मिस्त्री बाबांच्या ओळखीचा. मिशी मोठी, बोलणं त्याहून मोठं. गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि म्हणाला, "काका, आज इकडे कुठे? विकताय ना गाडी?"

"आधी हिला काय झालंय ते सांग. उभी राहिली की थरथरते."

मिस्त्रीने बॉनेट उघडून कान दिला. "अंगात आलंय तिच्या. मिसिंग मारतेय."

"काय हरवलं?" मी विचारलं.

"हरवलं काही नाही, वहिनी. चार सिलिंडर म्हणजे चार भाऊ समजा. एकाने कामात कुचराई केली की बाकीचे तिघे ओढतात आणि घर हलतं. त्याला आम्ही मिसिंग म्हणतो. प्लग बदलून टाकू."

"थांब," बाबा म्हणाले. "कुठला भाऊ आळशी ते आधी दाखव. माझ्याकडे घड्याळ बंद पडलं म्हणून आणतात, आणि त्याला चावीच दिलेली नसते. मी काय पहिल्यांदा पट्टा बदलतो?"

"काका, तुमच्याकडे घड्याळ दिलं की महिनाभर मिळत नाही."

"पण मिळतं तेव्हा चालतं."

मिस्त्रीने हातमोजा चढवला आणि चालू इंजिनाच्या एका प्लगची वायर उपसली. इंजिन लगेच अडखळलं, गाडी आणखी हलली. वायर बसवली, पूर्ववत. म्हणजे तो भाऊ कामाचा होता. दुसरी उपसली, तेच. तिसरी, चौथी, तेच. काढलं की अडखळायचं, लावलं की सावरायचं.

"चौघेही राबतायत," बाबा म्हणाले.

"राबतायत खरे," मिस्त्री मिशी खाजवत म्हणाला. "मग घराचा पाया बघू. काका, बसा आत. ब्रेक दाबून धरा, पहिला गिअर टाका, आणि क्लच अगदी हळू सोडा. गाडी माझ्या अंगावर घालू नका, घरी वाट बघतात."

बाबांनी क्लच सोडला. मी मिस्त्रीच्या शेजारून वाकून बघत होते. अख्खं इंजिन एका बाजूने उठलं, आजोबा खुर्चीतून उठतात तसं, आणि धपकन बसलं.

"बास, बास. सापडलं," मिस्त्री म्हणाला. त्याने हातातल्या बॅटरीचा उजेड आत टाकून दाखवलं. इंजिन लोखंडावर नुसतं बसवत नाहीत, खाली जाड रबरावर तोललेलं असतं, म्हणजे त्याची थरथर गाडीत येत नाही. त्याला हे लोक फाउंडेशन म्हणतात. डाव्या बाजूचं रबर मधोमध फाटून दबलं होतं. "ह्याच्यावरून सगळी थरथर गाडीत येते, तिथून स्टिअरिंगमध्ये, तिथून तुमच्या हातात. बरेच दिवस झाले असतील की. आधी नाही आलात?"

 बाबांनी मिस्त्रीच्या टेबलावर पडलेला एक बारका स्क्रू चिमटीत उचलला, पान्यांच्या पेटीच्या कडेवर उभा केला आणि हात बाजूला घेतला. स्क्रू उभाच राहिला. मिस्त्री म्हणाला, "हे काय?" बाबा म्हणाले, "काही नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई. सुई दिल्यामुळे त्यांचा अर्धा गाल बधिर झालेला, शब्द एका बाजूने सांडत होते.

"अगं, मी इखे उभी आए. गाई कुखे आए?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना आणायचंच राहिलं होतं.

दवाखान्याखाली त्या पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. गाडीत बसल्या त्या बोलतच. "बायको विसअली आणि मसूअ नाई विसअली."

"तुझ्यापेक्षा मसूर कामाला आली आज," बाबा म्हणाले आणि आरशात बघून त्यांनी सगळं सांगितलं.  मग सासूबाईंनी पुढे वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर बाबांनी औषधवाल्याला फोन लावला. तो मोठ्याने बोलतो, मला पलीकडचंही ऐकू येत होतं.

"गाडी विकायची नाही," बाबा म्हणाले.

"का हो घड्याळजी? काही खोट निघाली का गाडीत?"

"निघाली ना. म्हणून तर विकायची नाही."

 मग तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"इतकी बरी कधी नव्हती," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

जेवायला बसलो. सासूबाईंना डॉक्टरांनी गार पातळ तेवढंच घ्यायला सांगितलेलं, त्या ताक पीत होत्या आणि आमच्या ताटांकडे रागाने बघत होत्या. बाबांनी दोनदा वाढून घेतलं. हा माणूस गेला महिनाभर अर्ध्या पोळीवर उठत होता. पाणी पिऊन पेला खाली ठेवला, आणि आवाज आला नाही. आमच्या दोघींचंही तिकडे लक्ष होतं. ते त्यांच्या लक्षात आलं.

"काय बघताय? पेलाच ठेवला," ते म्हणाले.

"बघू पण नये का," सासूबाई म्हणाल्या. गाल आता जागा झाला होता.

"बघा, बघा. बघायला पैसे पडत नाहीत."

मिस्त्रीकडे ते रबर नव्हतं. तो मागवून ठेवतो म्हणाला होता, पण बाबांना धीर कुठला. सासूबाईंनी म्हणून पाहिलं, "अहो, पडा जरा. रबर काही पळून जात नाही."

"तुझा दात पळून चालला होता, तेव्हा निघालो ना लगेच?" असं म्हणत त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. गाडीने हळू जा, थरथर अजून गेलेली नाही, असं मी दारातून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "थरथरू दे. तिचीच आहे ना."

पुलापलीकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ते गेलेत, डाव्या बाजूच्या फाउंडेशनचं रबर आणायला.