बेंबळीच्या गायरानावर गोल्फ

धाराशिवहून बेंबळीच्या एसटीत बसले, तेव्हा शेजारच्या मावशींनी माझ्या लांबलचक पिशवीकडे बोट दाखवलं.

"एवढ्या काठ्या कशाला वं बाई? साप माराया?"

मी त्यांना गोल्फ समजावून सांगितला. काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या खळग्यात घालायचा.

"आन् हे कुणाला शिकवणार?"

"ज्यांचे हात किंवा पाय अधू आहेत, त्यांना."

पाय आवरून मावशींनी पिशवीला जागा करून दिली.

पुण्यात मी हेच काम करते. माझी मैत्रीण सुनंदा बेंबळीत शिक्षिका आहे. "दोन दिवस ये, गावातले चौघे-पाचजण जमवते," असं ती म्हणाली, म्हणून निघाले होते. गोल्फचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं गायरान (गुरं चरायची मोकळी जमीन). वाळलेलं गवत, मधूनमधून दगड आणि पलीकडे ज्वारीची हिरवी शेतं. गवतात चेंडू दिसावेत म्हणून आम्ही ते शेंदरी रंगवले.

पहिले आले रफिकभाई. शिंपीकाम करतात, लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. सुनंदानं त्यांच्यासाठी व्हीलचेअर उसनी आणली होती. दुसऱ्या शकुंतलाबाई, पन्नाशीच्या; बाकीचे आलेच नाहीत. मळणी यंत्रात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला होता. तो त्यांनी पदराखाली घट्ट झाकून घेतला होता.

"म्या नुसती बघाया आली," त्या म्हणाल्या आणि बाभळीखाली बसल्या.

रफिकभाईंना मी आखूड काठी दिली. एका हातानं खुर्ची धरा, पुढं झुका, मारा, असं सांगितलं. ते झुकले, जोरात फटका मारला आणि खुर्चीसकट पालथे पडले.

उतारावर चाकं अडवायला मीच विसरले होते. वाटेनं शेताकडे निघालेली माणसंही थांबली. मी धावत जाऊन रफिकभाईंच्या खांद्याखाली हात घातला आणि म्हणाले, "चुकलं माझं. आज राहू द्या."

त्यांच्या गालाला माती लागली होती. कोपर खरचटलं होतं.

"थांबा हो मॅडम," ते पडल्या पडल्याच म्हणाले, "चेंडू कुठं गेला, ते सांगा आधी."

चेंडू चांगला चाळीस पावलं गेला होता. ऐकून ते असे हसले, की मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

एवढ्यात शकुंतलाबाई उठल्या. "खुर्ची उभी करा," म्हणाल्या. आम्ही रफिकभाईंना खुर्चीत बसवलं. शकुंतलाबाईंनी एकेक दगड आणून चाकांच्या पुढंमागं लावला. उभी बैलगाडी अशीच अडवतात म्हणे. दगड दाबून बसवताना पदर खांद्यावरून कधी घसरला, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा त्यांनी वाटेवरच्या माणसांकडे पाहिलं. मग पदर पुढून ओढला, पण हात झाकला नाही. कमरेला खोचून टाकला.

"आना ती काठी. डाव्या हातानं लई ज्वारी काढलीय म्या."

पहिले चार फटके हुकले. पाचवा खणकन लागला. चेंडू गवतावरून पळाला आणि रफिकभाईंच्या चेंडूच्या अलीकडे थांबला.

"अजून माझाच पुढं हाय!" रफिकभाई ओरडले.

"व्हय का? थांबा मंग," म्हणत शकुंतलाबाईंनी पुढचा चेंडू मागितला.

दुपारी त्यांच्या घरी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या रश्शात शिजवलेल्या) जेवले. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "चार वर्सं झाली, गावात असा हात उघडा टाकला न्हवता." मी ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्या आधी गायरानावर हजर होते. संध्याकाळी परतताना काठ्या त्या दोघांकडेच ठेवल्या.

आता पुण्यात शिकवताना कुणी पडलं तर मी अजूनही धावते. पण जवळ पोचल्यावर लगेच उचलत नाही. आधी विचारते, काय हवंय? बहुतेकांना पुन्हा एकदा मारायचं असतं. हे मला बेंबळीनं शिकवलं, आणि गुरू म्हणून गेलेल्या मला तिनं किती मायेनं शिकवलं!