न घातलेली चोपन्न प्रश्नचिन्हं

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मूळ हस्तलिखित मी मोठ्याने वाचायचं, स्वल्पविरामासकट, आणि त्यांनी छापलेल्या कागदावरून नजर फिरवायची, असं आमचं काम. बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, म्हणून हे मीच लिहावं असं ताई म्हणते. मला कितपत जमेल कोण जाणे.

भावोजींना जुन्या इंग्रजी शब्दांचं वेड होतं. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. रद्दीतून, ग्रंथालयातून, छपाईला आलेल्या पुस्तकांतून एखादा अडगळीतला शब्द सापडला, की बाद मुद्रितांच्या कोऱ्या कडा कापून केलेल्या चिठ्ठीवर त्याचा अर्थ आणि उगम उतरवायचे. बुटांचे तीन खोके भरले होते. 'क्वॉकरवॉजर' म्हणजे दोरीने नाचवायची लाकडी बाहुली, आणि त्यावरून दुसऱ्याच्या तालावर नाचणारा पुढारी. 'ग्रोक' म्हणजे दुसरा जेवत असताना आशाळभूतपणे त्याच्या ताटाकडे बघत राहणं. ताई म्हणायची, "अहो, हा शब्द आपल्या मांजराला पाठ आहे."

काही चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात बारीक शून्य असे. शून्य म्हणजे ऐकीव गोष्ट, खोटा उगम. आजारी, फ्रेंचमध्ये 'मालाद', राणीसाठी केला म्हणून मार्मलेड. राजाने खूश होऊन मांसाच्या तुकड्याला सरदारकी दिली म्हणून सरलॉइन. गोष्टी गमतीच्या, म्हणून ते लिहून ठेवायचे. खरं काय ते एका वेगळ्या वहीत. मार्मलेड आला एका फळाच्या पोर्तुगीज नावावरून, सरलॉइनमधला 'सर' फ्रेंच, अर्थ नुसता 'वरचा'. अशी चोपन्न शून्यं होती.

या सगळ्याचं एक पुस्तक व्हावं आणि त्यावर आपलं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा.

आमच्या मालकांकडे एक प्राध्यापक यायचे. सगळे त्यांना सर म्हणत. एकदा ते खोके चाळून म्हणाले, "चार दिवस नेतो. वाचतो आणि प्रस्तावना लिहितो." चार दिवसांचे आठ महिने झाले. खोके परत आले, वर सुतळी बांधून. सर म्हणाले, "छंद चांगला आहे. पण पुस्तक वगैरे नको, त्याला अभ्यास लागतो."

आणि पुढच्याच महिन्यात आमच्या टेबलावर हस्तलिखित आलं. जुन्या इंग्रजी शब्दांचा कोश. वर सरांचं नाव.

मी पहिलं पान वाचलं आणि हस्तलिखित खाली ठेवलं. भावोजी म्हणाले, "वाच."

"अहो, पण ही तुमचीच वाक्यं..."

"माहीत आहे. स्वल्पविराम गाळू नकोस."

मार्मलेड आलं. राणीसकट! सरांना शून्याचा अर्थ कळलाच नव्हता. खोक्याचा नंबर समजले असावेत. मी भावोजींकडे पाहिलं. आमच्याकडे शिरस्ता असा, की तपासनिसाने लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही. मुळाबरहुकूम छापलं गेलंय एवढंच पाहायचं. पण मजकूर चुकतोय असं वाटलं तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं, म्हणजे लेखक सावध होतो. भावोजींची ती प्रश्नचिन्हं नावाजलेली. कितीतरी विद्वानांची अब्रू त्यांनी झाकली होती.

"प्रश्नचिन्ह घाला," मी म्हणालो.

"कशाला? मुळाबरहुकूम आहे." त्यांनी पेन्सिलीने एक निसटलेला अनुस्वार तेवढा दुरुस्त केला. "पुढे."

चोपन्न वेळा मी अडखळलो आणि चोपन्न वेळा ते म्हणाले, "पुढे." इतकं निर्दोष मुद्रित त्या छापखान्यातून कधी गेलं नसेल. मला हे पटलं नव्हतं. पण थांबवलंही नाही, हेही खरं.

पुस्तक निघालं. ग्रंथालयाच्या सभागृहात सरांचं व्याख्यान झालं. मालक पहिल्या रांगेत, आम्ही तिघं मागे. सरांनी राणीची गोष्ट रंगवून सांगितली, लोक हसले. भावोजी उठले. हातात वही.

"सर, याला आधार काय?"

"कोशात दिलंय की."

"राणीच्या जन्माआधीपासून शब्द वापरात आहे. बरं, सरलॉइन?" मग तिसरा शब्द, चौथा. बाविसाव्या शब्दाला सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांचं कपाळ घामाने डबडबलं.

"अहो, मला काय विचारता?" ते ओरडले. "या माणसाच्याच चिठ्ठ्या आहेत! मी त्याच्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक!"

"किती चिठ्ठ्या घेतल्यात?" भावोजींनी विचारलं.

"सगळ्या! पुस्तकातला शब्दन् शब्द त्याचा आहे!"

भावोजी शांतपणे मालकांकडे वळले. "ऐकलंत ना?"

ताई माझ्या कानात म्हणाली, "ते हस्तलिखित आल्यापासून रोज जेवताना दात खात होते. आज पोटभर जेवतील."

मालकांनी सगळ्या प्रती परत मागवल्या. चोपन्न दुरुस्त्यांसह नवी आवृत्ती काढायची ठरली, भावोजींच्या नावाने. सर गयावया करत आले: कॉलेजात काही कळवू नका, प्रस्तावनेत दोन बरे शब्द लिहा. भावोजी म्हणाले, "कळवत नाही. पण मुद्रितं वाचायला तुम्ही बसायचं. याला जरा रजा देतो."

मग तीन आठवडे सर माझ्या स्टुलावर बसले. मी खिडकीपाशी नुसता बसून असे.

"आवाज मोठा करा," भावोजी म्हणायचे. "पूर्णविराम म्हणालात का? मला ऐकू आला नाही. ओळ पुन्हा घ्या."

पहिल्या दिवशी सरांना मुखपृष्ठ वाचावं लागलं, भावोजींच्या नावासकट. भावोजींनी ते चार वेळा वाचून घेतलं. छापलेल्या नावात चूक एकही नव्हती. मी पाहिलं होतं.

दुपारी चहाला बाहेर आलो तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "भावोजी, आता तरी मन निवलं का?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"अजून तीनशे बारा पानं आहेत," ते म्हणाले आणि आत गेले.